कडी दोन बोटं सरकली

मास्तरला कोणी विचारलं, जगात मूर्ख माणसं किती, तर तो म्हणायचा, आजवर मोटारसायकली किती विकल्या गेल्या ते शोधून काढा आणि त्यातून एक वजा करा. ती एक अर्थातच त्याची स्वतःची.

हा मास्तर शाळेतला नव्हे. मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचा मास्तर. इंजिनाला तो हात लावायचा नाही, ब्रेकला नाही, दिव्याला नाही. कोणी चुकून "मास्तर, जरा साखळी पण बघा" म्हटलं की मान वर न करता हातातल्या पान्याने समोरचं गॅरेज दाखवायचा. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना जे दोन पाय असतात, ज्यांच्या पोटात स्प्रिंग आणि तेल असतं, ज्यांच्यामुळे खड्ड्याचा दणका हातापर्यंत पोचत नाही, तेवढंच त्याचं राज्य. तीस वर्षं त्याने तेवढंच केलं आणि तीस वर्षं तो त्यावरून चिडत आला.

चिडायला कारणं नव्हती असं नाही. वर्षातून एकदा तेल बदला, गाडी धुताना पाण्याचा फवारा नेमका तेल अडवणाऱ्या रबरी सीलवर मारू नका, शॉकअपच्या पाईपावर वाळलेला किडा किल्लीने खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तीनच गोष्टी. त्या त्याने इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितल्या होत्या की झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवल्या असत्या. लोक "हो मास्तर, हो मास्तर" करायचे आणि पुढच्या वर्षी तेल गळणारा, चरे पडलेला पाईप घेऊन दारात उभे. एकाने तर गळणाऱ्या सीलवर चिकटपट्टी गुंडाळून आणली होती, तीही गाडीच्या रंगाला शोभेल अशी. दुसरा फोनवर काहीतरी बघून आला, की मला सोनेरी रंगाचे जाड पाईप बसवून द्या. कशासाठी? तर छान दिसतात. मास्तर म्हणाला, "मग घरात भिंतीला टांगा, तिथे खड्डेही नसतात."

तर असा हा माणूस. आणि अशा माणसाच्या पोटच्या मुलीचे हात बधिर होऊन तिचं आवडतं काम सुटायची पाळी आली, तीही शॉकअपपायी. ऐकणाऱ्याला हसू येईल. घरात कोणी हसत नव्हतं.

मास्तरचं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात, छापखाना आणि खुर्च्या विणणारा यांच्या मध्ये. एका वेळी एकच गाडी आत मावायची. भिंतीला ओळीने पाने, त्याखाली सील आणि वॉशर यांचे पत्र्याचे डबे, कोपऱ्यात जाड काचेचा तुकडा. पाईप वाकलाय का हे तो त्या काचेवर लोळवून बघायचा. मदतीला कोणी नाही. तसे दोघे-तिघे येऊन गेले, पण मास्तरच्या तोंडाला टिकतंय कोण. आणि समोरच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी: "दुरुस्तीच्या गाडीवर गिऱ्हाइकाने बसू नये. हुकमावरून." हुकूम त्याचाच.

कामात मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. सील बसवताना पाईपाच्या कडेवर आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवायचा, कारण धारेने सील जरा जरी कापलं गेलं तरी महिन्याभरात गळणार. दोन्ही पायांत तेल केसभराच्याही फरकाशिवाय सारखं. सगळं जोडून झालं की पाईपावर एक पातळ रबरी कडी चढवायची आणि खालच्या सीलला टेकवून ठेवायची. मग मास्तर स्वतः भिंतीला कोपर टेकवून गाडीवर बसायचा, दोन्ही पाय वर घेऊन. शॉकअप दबला की खालची जाड नळी कडीला वर ढकलते, आणि उतरल्यावर नळी खाली येते पण कडी तिथेच राहते. मग बोटांनी मोजायचं. नुसतं बसल्यावर दोन बोटं. नंतर बोळाच्या तोंडाशी गटाराची उचकटलेली झाकणं होती, त्यांच्यावरून एक फेरी, आणि परत आल्यावर पाच बोटं. दोन आणि पाच जुळले तर गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली. नाही जुळले तर परत खोल, स्प्रिंग बदल, तेल बदल, परत बस. या दोन आणि पाचावर त्याने तीस वर्षं काढली आणि त्याचा त्याला अभिमान होता. अभिमान कसला, गर्वच.

त्याला आणखी एका गोष्टीचा अभिमान होता, आपल्या पँटीचा. बायको घरी शिवणकाम करायची, त्यामुळे त्याचे कपडे घरचेच. "वीस वर्षं झाली, हीच पँट," तो खुर्च्या विणणाऱ्याला ऐकवायचा. "माणसाने अंग राखावं." खुर्च्या विणणारा त्याच्या पोटाकडे बघायचा, मग आपल्या खुर्चीकडे बघायचा आणि विणायला लागायचा.

मुलगी एकच. जन्मली तेव्हा इतकी बारीक होती की घरात तिला काडीच म्हणू लागले. पुढे शिकली, नर्स झाली, सरकारी आरोग्य केंद्रात लागली, तरी काडी ती काडीच राहिली. अंगावर मांस धरेल तर शपथ. पण जिद्द अशी की केंद्रात बसून रजिस्टरं भरायचं काम मिळत असताना तिने ते नाकारलं आणि डोंगरापलीकडच्या वस्त्यांची फेरी मागून घेतली. तान्ह्या बाळांना लस टोचायची, बाळंतिणींना तपासायचं. आठवड्यातले पाच दिवस, दगडधोंड्यांच्या रस्त्यावरून, मागे लशीचा गार डबा बांधून. ती सांगायची, त्या वस्त्यांतली बाळं तिच्या हातून टोचून घेताना रडत नाहीत. आई म्हणायची, काहीतरीच. पण ते खरं होतं. तिचा हात तसा हलका होता.

फेरीसाठी मास्तरने तिला आपली मोटारसायकल दिली. आणि द्यायच्या आधी, चांगला आठवडाभर इतर कामं बाजूला सारून, तिचा शॉकअप नव्याने बांधला. आपल्या लेकीला कारखान्यातून आलेला मऊ, डुगडुगता शॉकअप द्यायचा? बाजारात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. जुन्या स्प्रिंगा काढून त्याने जाड तारेच्या घातल्या. दहा नंबरच्या पातळ तेलाऐवजी वीस नंबरचं दाट तेल. वर अंगठ्याएवढा नळीचा तुकडा टाकून स्प्रिंग आणखी आवळली. मग बसला. दोन बोटं. फेरी मारून आला. पाच बोटं. त्या दिवशी मास्तर समोरच्या गॅरेजवाल्याशीसुद्धा हसून बोलला.

पहिल्याच आठवड्यात काडी म्हणाली, "बाबा, जरा कडक वाटतोय."

"नवा आहे. आणि तू हँडल आवळून धरतेस. सैल धर."

तिने सैल धरलं. मग हँडल हातातून निसटायला लागलं, तेव्हा परत आवळून धरलं.

त्याच सुमारास घड्याळजीचं ते प्रकरण झालं. घड्याळजी म्हणजे चौकातला घड्याळ दुरुस्त करणारा, सडसडीत, कमी बोलणारा, सभ्य माणूस. त्याच्या शॉकअपला मास्तरने अशाच कडक स्प्रिंगा घातल्या होत्या आणि तो तिसऱ्यांदा तक्रार घेऊन आला होता. काडीला त्या दिवशी लवकर सुट्टी मिळाली होती. ती दुकानात स्टुलावर बसून पाव खात होती.

"मास्तर, कामाबद्दल प्रश्नच नाही," घड्याळजी अगदी अदबीने म्हणाला. "पण गाडी चालवून दुकानात आलो की अर्धा तास माझा चिमटा हलतो. बारीक स्क्रू धरताच येत नाही."

"चहा कमी करा," मास्तर म्हणाला.

"मी चहा घेत नाही."

"मग घ्यायला लागा. अहो, हा शॉकअप मी स्वतः बसून तपासलाय. दोन आणि पाच. तुमच्या मनगटात दम नाही त्याला मी काय करू? स्प्रिंग बदलून देईन, मनगटं कुठून आणू?"

घड्याळजीचा चेहरा कसानुसा झाला. तो "बरं" म्हणाला, हेल्मेट उचललं आणि निघून गेला. मास्तर किती तरी वेळ एकटाच बडबडत होता, की लोकांना चांगली वस्तू झेपत नाही. काडीने उरलेला पाव कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

त्यानंतर तिने शॉकअपचं नाव काढलं नाही.

दर रविवारी सकाळी मास्तर तिची गाडी बघायचा, ती रबरी कडी कुठे आहे ते. पहिले तीन रविवार कडी दोनच बोटं सरकलेली. मास्तरचं डोकं फिरलं. त्या रस्त्यावर पाच काय, सहा बोटं जायला हवी होती. "तू गाडी चालवतेस की ढकलत नेतेस?" तो म्हणाला. "खड्डा आला की थांबतेस वाटतं, त्याची परवानगी काढायला. अगं, एवढा शॉकअप बांधून दिला तो वापर की. दोन बोटांसाठी मी आठवडा घातला का?" जेवताना तेच, निजताना तेच. बायको म्हणाली, पुरे आता. तरी तेच.

चौथ्या रविवारी कडी पाच बोटांवर होती. मास्तर खूश. "आता कशी चालवलीस," म्हणाला, आणि तिच्यासाठी बाजारातून संत्री घेऊन आला. त्यानंतर दर रविवारी पाच. संत्रीही दर रविवारी.

आणि इकडे काडीचे हात बिघडत गेले. आधी नुसती मनगटं दुखायची. मग सकाळी उठल्यावर बोटं आपली नसल्यासारखी वाटायची, झटकली की मग हळूहळू जागी व्हायची. आईला सुईत दोरा ओवून द्यायचं काम लहानपणापासून काडीचं. एक दिवस तिने तो सात वेळा ओवायचा प्रयत्न केला आणि सुई आईच्या पुढ्यात ठेवून दिली. आईने ती उचलली. चष्मा लावून स्वतः ओवत बसली.

मास्तरने यावरही निदान करून टाकलं. फोन. दिवसभर फोन धरला की आणखी काय होणार.

चौथ्या महिन्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी काडीला समोर बसवलं. एका वस्तीवर लस टोचताना तिचा हात थरथरला होता आणि बाळाची आई घाबरली होती. बाळाला काही झालं नव्हतं, पण बाईंपर्यंत गोष्ट गेली. बाईंनी तिची मनगटं दाबून बघितली, मूठ आवळायला लावली आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस देते. हात स्थिर झाला तर ठीक. नाहीतर फेरी बंद. औषधांच्या कोठारात बसायचं, खोकी मोजायची. मला दुसरा इलाज नाही." घरी येऊन काडीने हे सगळं एका दमात सांगितलं आणि मग उशीत तोंड खुपसून रडली. मास्तर दारात उभा राहून डॉक्टरीणबाईंवर चिडला, रस्त्यावर चिडला, फोनवर चिडला, रस्ते करणाऱ्या ठेकेदारावर चिडला. कोणी उरलं नाही तेव्हा पाणी प्यायला निघून गेला.

सहा दिवस गेले, रविवार आला. काडीची फेरी अजून चालू होती. आदल्या दिवशी वाळूच्या रस्त्याने आली होती, त्यामुळे गाडी धुळीने माखलेली. मास्तरने सवयीने बघितलं, कडी पाच बोटांवर. छान. ओलं फडकं घेऊन तो पाईप पुसायला वाकला आणि तसाच थांबला.

मास्तर चिडका होता, आंधळा नव्हता. शॉकअप वर-खाली होतो तेव्हा सीलचा ओठ पाईप पुसत जातो. जिथवर शॉकअप दबतो तिथवर पाईप आरशासारखा लख्ख, त्याच्या वर धूळ. कडी पाच बोटांवर असेल तर पाच बोटं पाईप लख्ख हवा. इथे दोन बोटं लख्ख होता. त्याच्या वर धूळच धूळ, आणि त्या धुळीत कडी ओढत नेल्याचे ओरखडे. त्याने पलीकडचा पाईप बघितला, ज्याच्यावर कडीच नव्हती. तिथेही दोन बोटं लख्ख आणि वर धूळ. परत अलीकडे आला, चष्मा कपाळावरून खाली ओढला. कडीच्या शेजारी धुळीत एका बारीक अंगठ्याचा ठसा होता. इतका बारीक अंगठा घरात एकीचाच.

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला फसवते? शॉकअपमध्ये? मला? तो फडकं हातात घेऊनच आत गेला.

बायको खिडकीपाशी मशीनवर कुणाचा तरी कोट शिवत होती. काडी टेबलाशी बसली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून.

"कडी कोणी सरकवली?"

काडीने हात बाहेर काढले नाहीत. "मी."

"प्रत्येक रविवारी?"

"शनिवारी. घरी येताना वळणावर थांबून."

"का?"

"दोन बोटं असली की तुम्ही चिडता. पाच असली की संत्री आणता."

मास्तरने आवाज चढवला. "अगं, पण शॉकअप दबत नाही हे सांगायचं ना सरळ. तोंड नव्हतं?"

"सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात हँडल सैल धर."

"मग परत सांगायचं."

"बाबा, घड्याळजींनी तीनदा सांगितलं," काडी म्हणाली. ती चिडलेली नव्हती, हेच वाईट होतं. "मी तिथेच बसले होते की, स्टुलावर."

मास्तर खुर्चीवर बसला. खुर्ची करकरली. "पण असं होईलच कसं," तो स्वतःशीच पुटपुटला. "मी स्वतः बसून बघितलाय. बसल्यावर दोन बोटं, फेरीला पाच."

मशीन थांबलं.

"कोण बसून बघितलंय?" बायकोने विचारलं.

"मी. दुसरं कोण बसणार?"

"आणि गाडी कोण चालवतं?"

मास्तरने तिच्याकडे बघितलं, मग काडीकडे, मग परत तिच्याकडे.

"इतकी वर्षं मी हे गाव शिवतेय," बायको म्हणाली. तिने कोट मांडीवर घेतला आणि खांद्यावरची टेप काढून टेबलावर टाकली. "माणूस दारात आला की आधी टेप, मग कात्री. स्वतःच्या अंगाला लावून बघितले असते आणि मला होतात म्हणून लोकांना कपडे दिले असते, तर अर्धं गाव नागडं फिरलं असतं आणि अर्धं पायात अडकून पडलं असतं. तुम्ही गिऱ्हाइकाला गाडीवर बसवतच नाही?"

"पाटी आहे," मास्तर म्हणाला. मग त्याला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं. "आणि मी काय एवढा जाड आहे का? पँट तीच आहे. वीस वर्षं."

बायकोने कपाळाला हात लावला. उठली, दोरीवरून त्याची पँट ओढली आणि कंबरपट्टी उलटी करून त्याच्यासमोर धरली. "हे बघा. इथवर पहिली शिवण होती. ही सोडली. मग ही सोडली. इथे कापड संपलं म्हणून मागे दुसरं जोडलंय, ते शर्टाखाली झाकतं. दरवर्षी बोटभर. आणि ही तीच पँटही नव्हे, तिसरी आहे. त्याच रंगाचं कापड शोधायला मला किती हिंडावं लागतं ते मलाच ठाऊक."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चिडला असतात."

काडी खाली मान घालून पातेल्यात हसली. मग हसू थांबेना आणि मग ते रडणं झालं. मास्तर तिच्याकडे बघत राहिला. तिच्या पाण्यात बुडलेल्या लहान हातांकडे. त्याच्या डोक्यात आता हिशेब नीट लागत होता आणि तो लागू नये असं त्याला वाटत होतं. त्याचं निम्मं वजनही नव्हतं तिचं. त्याच्या अंगाखाली पाच बोटं दबणारा शॉकअप तिच्यासाठी लोखंडाची कांब होती. चार महिने, आठवड्यातले पाच दिवस, प्रत्येक दगडाचा दणका सरळ तिच्या मनगटात गेला होता, आणि तो दणका तिला त्याने आठवडाभर खपून, मन लावून बांधून दिला होता.

"ऊठ," तो म्हणाला. "दुकानात चल. लशीचा डबा घे, रेनकोट घाल, बूट घाल. फेरीला निघतेस तशी." मग दारातून वळून बायकोला म्हणाला, "तूही चल. टेप घेऊन ये."

दुकानात त्याने गाडी आत घेतली, कडी खाली सीलला टेकवली आणि काडीला म्हणाला, "बस." काडीने पाटीकडे बघितलं. "बस म्हणतो ना," मास्तर वैतागून म्हणाला. वैताग आता कोणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं. पाटीवर काढला. खिळ्यावरून उपटून तेलाच्या डब्यामागे सारली.

काडी बसली. आईने मागून गाडी सरळ धरली. काडीने पाय वर घेतले, मग सावकाश उतरली. मास्तर वाकला. कडी नखाएवढी हलली होती.

पुढे दुपारपर्यंत त्या दुकानात शिव्या आणि पान्यांचे आवाज यांच्याशिवाय काही नव्हतं. शिव्या सगळ्या त्याने स्वतःलाच दिल्या. जाड स्प्रिंगा बाहेर आल्या. जुन्या मऊ स्प्रिंगा, ज्यांना तो भुसकट म्हणाला होता, त्या पत्र्याच्या डब्यात तळाशी सापडल्या. घातल्या. बस. एक बोट. वरचा नळीचा तुकडा काढला. बस. दीड. तुकडा कापून आखूड केला, मग पुन्हा काढून टाकला, मग पातळ तेल भरलं, मग तेल थोडं कमी केलं. काडी बसत होती, उतरत होती. आई टेप लावून आकडा सांगत होती, आणि मास्तरने बोटांनी मोजलं की "बोटं तुमची आहेत, तिची नव्हेत," म्हणत होती. खुर्च्या विणणारा दारात येऊन उभा राहिला होता. त्याने पाटीची रिकामी जागा बघितली आणि आत येऊन आणखी जवळून बघितली.

शेवटी बसल्यावर दोन बोटं. "आता फेरी," मास्तर म्हणाला, आणि मग थांबला. कडीवर त्याचा आता विश्वास उरला नव्हता. बायकोच्या पिशवीतून शिंपी-खडू घेऊन त्याने दोन्ही पाईपांवर चोळला, चांगला पांढराफटक. "आता बघू कोण सरकवतं," म्हणाला. काडी गटाराच्या झाकणांवरून दोन फेऱ्या मारून आली. मास्तर गुडघ्यांवर बसला. दोन्ही पाईपांवर खडू पाच बोटं पुसला गेला होता, त्याच्या वर शुभ्र, कुणाचाही हात न लागलेला.

"हात?" त्याने विचारलं. मान वर केली नाही.

"जागे आहेत," काडी म्हणाली. "म्हणजे दणका आला नाही."

नऊ दिवस उरले होते. तेवढ्यात मनगटं पूर्ववत होत नसतात, आणि झालीही नाहीत. पण सकाळी बोटं लवकर जागी व्हायला लागली. आठवड्याभराने तिने आईची सुई तिसऱ्या प्रयत्नात ओवली. पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मूठ आवळायला लावली, पेन्सिल धरायला लावली, संत्र्यात पाणी भरलेली सुई टोचायला लावली. घरात संत्र्यांना तोटा नव्हता, काडी स्वतःच घेऊन गेली होती. बाई म्हणाल्या, "मनगटाला पट्टा बांधायचा, आणि महिन्याने परत दाखवायचं. फेरी चालू ठेव."

त्या संध्याकाळी मास्तर दुकान लवकर बंद करून चौकात गेला. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. मास्तर काउंटरसमोर उभा राहिला. माफी मागायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ती हुकूम दिल्यासारखी बाहेर पडली.

"उद्या गाडी घेऊन या. आणि तुम्हीही या. तुम्हाला बसावं लागेल. चूक माझी होती."

घड्याळजीने भिंग काढलं. "गाडी मी विकली, मास्तर. दोन महिने झाले. झेपेना. आता चालत येतो."

"कोणाला विकली?"

"गोदामातला मुकादम आहे ना, तुमच्याच अंगाचा, त्याला. फार खूश आहे. म्हणतो असा शॉकअप कुठे मिळायचा नाही."

मास्तर भिंतीकडे वळला. भिंतीवरची घड्याळं आपापल्या चालीने टिकटिकत होती.

"मुलीचे हात कसे आहेत?" घड्याळजीने विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आली होती माझ्याकडे. झाले असतील दोनेक महिने. विचारत होती, बाबांना हे कसं सांगायचं असतं." घड्याळजी भिंग रुमालाने पुसत होता. चेष्टेचा सूर नव्हता त्याचा. "मी म्हटलं, पोरी, मी तीनदा सांगून बघितलं. शेवटी गाडी विकून मोकळा झालो. पण तू बाप कुठे विकणार?"

मास्तरला यावर चिडायचं होतं. सवय होती, कारणही तोंडापर्यंत आलं होतं. पण घड्याळजीने काउंटरमागचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि तो त्यावर बसून राहिला.